पांदण पक्की करा, पण टापेपुरती माती सोडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पांदण रस्त्यांच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटांच्या, बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून वाचतो. कुठे अतिक्रमण निघालं, कुठे खडीकरण झालं, कुठे धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन सख्खे भाऊ तहसीलमध्ये जाऊन भांडले. या बातम्यांत ट्रॅक्टर असतो, बंडी म्हणजे बैलगाडी असते. घोडा कधीच नसतो. म्हणून हे पत्र.

मी घोडीवाला आहे. वरातीला घोडी पुरवणं हा आमचा धंदा. आजोबा टांगा हाकायचे, वडिलांनी टांगाही हाकला आणि वरातीही केल्या, माझ्या वाट्याला नुसत्या वराती आल्या. नागपूरला लागून असलेल्या गोरेवाड्याच्या अलीकडे आमचा छोटा तबेला आहे. लोकांना वाटतं, बँडसमोर घोडी नाचली की तिचं काम संपलं. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. तेवढे महिने जनावर खुंट्याला बांधून नुसती चंदी चारली तर पाय सुजतात, पोटशूळ उठतो (घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की जिवावरच बेततं), आणि अंगात साचलेली रग पहिल्याच वरातीत पहिल्याच फटाक्याला बाहेर पडते. मग नवरदेव कुठे पडतो ते सांगायला नको. त्यामुळे घोडी फिरवावी लागते, आणि ती मातीवर फिरवावी लागते.

मातीचा हट्ट उगाच नाही. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, त्यातलं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. मातीत टाप जराशी रुतते आणि हादरा तिथेच जिरतो. डांबरावर तो सरळ गुडघ्यात आणि खांद्यात जातो. एरवी पाच-सहा आठवडे पुरणारी नाल रोज डांबरावर चालवली तर लवकर घासते, आणि नालबंद आता नागपुरात शोधत फिरावं लागतं. सिमेंटची गोष्ट आणखी वेगळी. सिमेंट गुळगुळीत, नाल लोखंडाची, वर पावसाची भुरभुर. मागच्या पावसाळ्यात एका गावाच्या नव्याकोऱ्या सिमेंट रस्त्यावर माझी तांबडी घोडी मागच्या दोन्ही पायांनी घसरली आणि कुत्रं बसतं तशी बसली. मी खाली उतरलो, लगाम सैल सोडला आणि ती आपली आपण उठेपर्यंत नुसता उभा राहिलो. अशा वेळी ओढाताण केली की पाय मोडलाच समजा. तिला फार लागलं नाही, पण त्या रस्त्याचं तोंड दिसलं की ती अजूनही कान मागे टाकते.

पाऊस ओसरला की आमची वाट ठरलेली. उजाडल्याबरोबर, टिप्पर सुरू व्हायच्या आत काटोल रोड ओलांडायचा. उजाडायच्या आधी निघायचं नाही, कारण गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत आणि ते घोडीला माझ्या आधी कळतं. ती थांबली की मीही थांबतो, वाद घालत नाही. मग फेटरीच्या अंगाने पांदणीत शिरलं की लगाम सैल. दोन बाजूंना बंडीच्या चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा. घोडी आपणहून त्या मधल्या पट्ट्यावर जाते, कारण तिला तिथेच बरं वाटतं. दोन्ही धुऱ्यांवर हिवर, बाभूळ, बोरीची झुडपं. दिवाळीच्या सुमारास एकीकडे कापूस फुटलेला, दुसरीकडे तुरीला पिवळा फुलोरा, पुढे आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चाललेली. बाभळीखालून जाताना मान खाली घालावी लागते, नाहीतर टोपी काट्यावर राहते. कापूस वेचणाऱ्या एक आजी मला पाहिलं की विचारतात, "काहून गा, आज नवरदेव कोठं सांडला?" आणि पदरातलं संत्रं घोडीच्या तोंडासमोर धरतात. ती सालासकट खाते.

हाच रस्ता माहुरझरीला जातो. माहुरझरी आणि काटोल रोडवरचं जुनापाणी ही नावं पुरातत्त्ववाल्यांना तोंडपाठ आहेत, नागपूरकरांना कमी. जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफनं. माहुरझरीला १९७० नंतर डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा माणसांबरोबर घोड्यांची हाडं निघाली, तोंडात घालायच्या लोखंडी कड्या निघाल्या, आणि घोड्याच्या डोक्यावर बांधायचे तांब्याचे दागिने निघाले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी याच मुरमाड टेकाडांवर कुणीतरी घोड्याला नटवत होतं. मी कलगी बांधतो, त्यांनी तांबं बांधलं. पुढे रघुजी भोसल्यांचं घोडदळ याच नागपुरातून १७४० च्या दशकात थेट बंगालपर्यंत गेलं. एवढा जुना घोड्याचा मुलूख आणि आज त्याला टाप टेकवायला हातभर माती उरू नये, याचा मला राग येतो.

आता कुणी म्हणेल, याला आपल्या घोडीची पडली आहे, शेतकऱ्याचं काय? तर ऐका. पांदण पक्की व्हायलाच पाहिजे. कन्हारीत, म्हणजे काळ्या चिकट मातीत, पावसाळ्यात बंडीचं चाक आसापर्यंत रुततं आणि खताचं पोतं डोक्यावरून न्यावं लागतं, हे मी घोडीच्या पाठीवरून रोज पाहतो. २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना चांगली आहे. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद हवा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी असं ठरवलं, तेही योग्यच. माझं म्हणणं एवढंच, की रस्ता या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सिमेंटने भरू नका. गावनकाशात गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात, म्हणजे निदान ५ मीटर. त्यातले ३ मीटर पक्के केले तर उरलेली जागा मुरमाची राहू शकते. ती फक्त घोड्यासाठी नाही. बैलांच्याही खुरांना पत्र्या असतात, त्यांचीही सिमेंटवर तीच गत होते. शेळ्या, गाई, अनवाणी पायांची वेचणारी बाई, सगळ्यांनाच ती पट्टी लागते. सिमेंटही तेवढंच वाचेल, ठेकेदाराला आवडो न आवडो.

दुसरी अडचण कुंपणांची. एका लेआउटवाल्याने (शेतात प्लॉट पाडून विकणाऱ्याने) आमच्या नेहमीच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं आणि "खासगी मालमत्ता" अशी पाटी ठोकली. तिथल्या शेतकऱ्यांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला आहे, बघू काय होतं ते. वाट अडवली तर हा कायदा आहे, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. गावनकाशाची प्रत काढून ठेवा, असं मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगतो. नकाशात वाटेची तुटक रेघ असेल तर पाटी कितीही मोठी असो, रेघ जिंकायला पाहिजे.

माझी भाची इंग्लंडात शिकते. तिने तिकडच्या घोडेवाटांचे व्हिडिओ पाठवले. शेताच्या कडेकडेने जाणाऱ्या वाटा, त्यावर घोडेस्वार, पायी चालणारे आणि सायकलवाले तिघांनाही हक्क. खांबाखांबावर निळा बाण, नुसत्या पायवाटेला पिवळा. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. मला सगळ्यात आवडलं ते फाटक. त्याच्या कडीला उंच दांडा असतो, घोड्यावरून न उतरता उघडता येतो आणि मागे लावताही येतो. शेतकऱ्याचं पीकही राखलं जातं आणि वाटही बंद होत नाही. एका वेल्डिंगवाल्याला व्हिडिओ दाखवला, तो म्हणाला, यात काय, दोन तासांचं काम. तिकडच्या वाहनचालकांना २०२२ पासून नियमच आहे, घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आत आणि २ मीटर अंतर ठेवून जायचं.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३२ मध्ये लिहिलं आहे, की जनावर वाहनाला बिचकून आवरेनासं होईल असं सांभाळणाऱ्याला वाटलं आणि त्याने थांबायला सांगितलं, तर चालकाने थांबायचं. मी हात वर करतो तेव्हा पोरं तो नमस्कार समजून हॉर्न देतात! घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. तिथूनच मोटरसायकल येते आणि तिथूनच लाथ बसते. पोरांनो, मागून येत असाल तर हॉर्न नको, तोंडाने आवाज द्या, "भाऊ, येतो" म्हणा. माणसाचा आवाज तिला ओळखीचा आहे.

जिल्हा परिषदेच्या आणि तहसीलच्या साहेबांना विनंती, की काटोल रोड आणि कळमेश्वरकडच्या ज्या पांदणींची कामं पुढे निघतील, त्यांच्या अंदाजपत्रकात एका बाजूची मुरमाची पट्टी आताच लिहून घ्यावी. सिमेंट पडल्यावर ती कुणी उकरून देणार नाही. पट्टी किती रुंद हवी याबद्दल शंका असेल तर मोजणीच्या दिवशी सांगावं, मी घोडी आणून टेपाशेजारी उभी करतो. फक्त लग्नाची तिथी नको.

आपला,
एक घोडीवाला वाचक,
झिंगाबाई टाकळी, नागपूर