छर्ऱ्याचा डबा घेताना

माननीय संपादक,

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक जिंकले. मुलांसाठी रायफलची चौकशी करणारे पालक आता साताऱ्यातही भेटतात. कुसाळे यांचा प्रकार ५० मीटरचा, .२२च्या काडतुसांचा. मुलांची सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलने होते, आणि तिथे शिशाचा ४.५ मिमीचा छर्रा वापरतात. लाखांच्या घरातली रायफल घेणारी मंडळी छर्ऱ्याचा डबा मात्र दुकानदार देईल तो उचलतात. त्यासाठी हे पत्र.

लक्ष्याचा मधला ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा असतो. दशांश गुणपद्धतीत ०.१ गुण म्हणजे छर्रा पाव मिलिमीटर इकडेतिकडे. हा हिशेब लक्षात ठेवला की बाकीचे आपोआप कळते.

स्पर्धेचा छर्रा सपाट तोंडाचा असतो, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. टोकदार किंवा घुमटाकार छर्रे इथे नकोत. डब्यावर वजन असते (रायफलसाठी बहुधा ०.५३ ग्रॅमच्या आसपास) आणि चांगल्या डब्यांवर तोंडाचा व्यासही असतो: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, तरी नळीला तो जाणवतो. तोंड नळीतल्या पिळांवर (आतल्या वळणदार खाचांवर) बसते. हवेच्या दाबाने मागचा पातळ स्कर्ट (छर्ऱ्याची पोकळ कड) फुलतो आणि नळी बंद करतो. तोंड सैल असेल तर छर्रा नळीतून किंचित वाकडा जातो. एकाच कंपनीच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे माप आवडते. म्हणून ‘अमुक मापच उत्तम’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

उपाय एकच: चाचणी. तीन-चार मापांचा एकेक डबा घ्या. रायफल बेंच वाईसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) रबर लावून दांड्यापाशी घट्ट धरा. नळी किंवा हवेचा सिलिंडर कधीही आवळू नये, नळीवर ताण आला की निकाल खोटा येतो. डबा बदलल्यावर पहिले दहा छर्रे मोजू नका, आधीच्या शिशाचा थर नळीत असतो. मग दहा-दहा छर्ऱ्यांचे निदान तीन गट मारा (एकाच जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचा पुंजका म्हणजे गट). गटाची बाहेरची रुंदी कडेपासून कडेपर्यंत मोजून त्यातून ४.५ वजा करा, म्हणजे छर्ऱ्यांच्या केंद्रांमधले अंतर मिळते. बाहेरून ६ मिमीच्या आत आले तर डबा घेण्याजोगा. एकाच सुंदर गटावर निर्णय घेऊ नये. दहा छर्ऱ्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो.

आणि जो डबा जिंकला, त्याचा लॉट क्रमांक (कारखान्यात एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा. तेच नाव, तेच माप, पण वेगळा लॉट आला तर चाचणी पुन्हा. रोज ७०-८० छर्रे मारणाऱ्या मुलाला ५०० चा डबा जेमतेम आठवडाभर पुरतो, तेव्हा चांगला लॉट सापडला की मोसमाचा साठा एकदम घ्यावा.

हे सगळे कोणासाठी? ज्याची दर छर्ऱ्यामागे सरासरी साडेनऊ गुणांच्या पुढे आहे त्याच्यासाठी. त्याच्या खाली असलेल्या मुलाचा गट २० मिमीचा असेल, तर छर्ऱ्याला दोष देणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे.

काही जण छर्रे वजन करून निवडतात. ०.५३ ग्रॅममध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे दोन टक्के. सेकंदाला १७० मीटर वेगाने छर्रा १० मीटरमध्ये जवळपास १७ मिमी खाली येतो. वजन दोन टक्क्यांनी बदलले की वेगही बदलतो आणि त्यात अंदाजे ०.३४ मिमीचा फरक पडतो, म्हणजे ०.१ गुणाहून थोडा जास्त. पण यासाठी ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, ०.०१ ग्रॅमच्या साध्या काट्यावर हे नीट दिसणारही नाही. आमच्या मते त्यापेक्षा वाकलेले छर्रे वेगळे काढण्यात वेळ घालवावा. कुरिअरच्या आदळआपटीत स्कर्टला पोचे पडतात. काचेच्या तुकड्यावर छर्रा हलकेच लोळवा; डगमगत गेला तर बाजूला. डबा ओतू नका, घासून निघालेला शिशाचा चुरा तळाशी असतो.

पाटण-जावळीच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. दमटपणात शिशावर पांढरी भुकटी धरते. प्लायवुडच्या नव्या बंद कपाटात ती लवकर येते, कारण त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शिसे खाते. डबा प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. भुकटी धरलेले छर्रे पुसून वापरू नयेत, टाकावेत.

शिसे विषारी आहे, मुलांना तर जास्तच. छर्रा ओठांत धरायची सवय दिसली की तिथेच थांबवा. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, खाऊचाही नाही. रेंजवर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. लक्ष्यामागच्या पेटीत जमलेले शिसे घरी वितळवू नका. ते शिशावर प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

आपले,
काही नेमबाजी प्रशिक्षक, सातारा