मेट्रो कामठीला येणार, तर कामठी बघायलाही या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातला ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी हा १३ किलोमीटरचा मार्ग झाला की कामठीकर लवकर नागपुरात पोहोचतील, असे जो तो सांगतो. नागपूरकर कामठीला लवकर पोहोचतील, हे मात्र कोणीच म्हणत नाही.

मी इतवारीत एका कापड दुकानाचे हिशेब लिहिते आणि राहते कामठीत. ‘नागपुरातच घर का नाही घेत?’ असे नातेवाईक नेहमी विचारतात. अहो, नोकरी, मेडिकल, लग्नाचा बस्ता, सारे १५-१६ किलोमीटरवर आहेच की! आणि सुटीच्या दिवशी छावणीतल्या जुन्या झाडांखालून निवांत फिरता येते. ही छावणी १८२१ ची. आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. त्या केंद्रामुळे आमच्या बाजारात मणिपूरपासून राजस्थानपर्यंतची माणसे भाजी घेताना भेटतात. नागपूर जे पाणी पिते, त्यातलेही बरेचसे आमच्याच कन्हानचे.

नागपूरकर ड्रॅगन पॅलेसला येतात, याचा आनंद आहे. १९९९ साली जपानी सहकार्याने उभे राहिलेले हे विहार आहेच तसे. चंदनाच्या बुद्धमूर्तीसमोर बसले की लहान पोरेसुद्धा आपोआप हळू बोलू लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीहून पांढऱ्या कपड्यांतली माणसे येतात, तेव्हा आमचे रस्ते फुलून जातात. पण बहुतेक पाहुणे दर्शन घेतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात.

त्यांनी थोडे पुढे कन्हानच्या काठावर जावे. तिथे बाबू हरदासांची समाधी आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन ज्यांनी रूढ केले, ते बाबू हरदास एल. एन. आमच्या कामठीचे. बिडी कामगारांना त्यांनी संघटित केले, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, गेले. आज देशभर माणसे एकमेकांना ‘जय भीम’ म्हणतात. मी दुकानात अनेकांना विचारून पाहिले. हा माणसाला माणसाशी जोडणारा शब्द कोणी रुजवला, हे जन्मापासून नागपुरात राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मला याचे फार वाईट वाटते.

म्हणून महामेट्रोला आणि नगर परिषदेला विनंती आहे. कन्हान नदी स्थानकात बाबू हरदासांची माहिती मराठी आणि हिंदीत ठळक अक्षरांत लावावी. स्थानकापासून समाधीपर्यंत म्हाताऱ्या माणसांनाही चालता येईल असा, दिव्यांचा रस्ता करावा. काम पूर्ण झाल्यावर हे सुचवून उपयोग नसतो. आत्ताच आराखड्यात घ्यावे.

आपली,
एक नियमित वाचक, कामठी