किल्ली काढून घ्यायची कुणी?

संपादक महोदय,
स. न.

मेंदूच्या आजारात गाडी चालवणं सोडण्याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. प्रेमाने समजावलं की रुग्ण आपणहून किल्ली हातात देतो, असं लेखिका म्हणतात. हे वाचून मला संताप आला, आणि तो आज सकाळीही उतरलेला नाही.

माझ्या यजमानांच्या डोक्याला उजव्या बाजूला मार लागला. हातपाय सावरले, बोलणं पूर्वीसारखं झालं, हिशेब बिनचूक. पण डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलंच नव्हतं. दाढी उजव्या गालाची व्हायची. डावा गाल तसाच राहायचा आणि आरशासमोर उभं राहूनही त्यांना काही खटकायचं नाही. डोळे तपासले, नजर उत्तम निघाली. मेंदूच डावीकडे लक्ष देत नव्हता. गाडी मात्र झकास सुरू करायचे. क्लच, गिअर, स्टिअरिंग हे हातापायांत मुरलेलं असतं, ते सहसा जात नाही. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, यांना काय धाड भरलीय? मग डावा आरसा तुटला. डावं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडलं गेलं. यांचं म्हणणं, उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

याला अनोसोग्नोसिया म्हणतात. बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने १९१४ मध्ये हे नाव दिलं, आणि आपल्या लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही! हा हट्ट नाही, अहंकारही नाही. आपलं काही बिघडलंय हे कळण्याची शक्तीच आजाराने गेलेली असते. डिमेन्शियातही, म्हणजे स्मृतिभ्रंशातही, पुष्कळांचं असंच होतं. त्यांना प्रेमाने समजावायचं म्हणजे काय करायचं? मी समजावलं, मुलाने समजावलं. शेवटी मुलाने किल्ली लपवली आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. ते अजून नीट जुळलेलं नाही.

रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, पथ्य होतं. गाडीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी विचारलं तर 'जपून चालवू द्या' म्हणाले. फार पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं आणि 'वाहन चालवू नये' असं लिहून सही केली. तो कागद यांनी स्वतः दोनदा वाचला. चिडले, पण त्या डॉक्टरांवर चिडले. घरात कुणावर नाही. हे काम डॉक्टरांचं आहे. बायकोच्या आणि मुलांच्या गळ्यात ते घालू नका.

निदान झालं म्हणून सगळ्यांचीच गाडी त्या दिवशी बंद करावी, असंही मी म्हणत नाही. डिमेन्शियाच्या सुरुवातीला काहीजण नीट चालवतात. पण मग ठरावीक काळाने फेरतपासणी हवी. घड्याळ काढायला लावणं, आकडे-अक्षरं क्रमाने जोडायला लावणं यातून अंदाज येतो. खरी परीक्षा जाणकार शेजारी बसून प्रत्यक्ष रस्त्यावर घेतो तीच. ही माहिती मला हवी होती तेव्हा कुणी दिली नाही. निदान तुम्ही तरी छापायची होती.

आणखी एक. लेखासोबत थरथरत्या हातांच्या, काठी टेकलेल्या आजोबांचं छायाचित्र का? डोक्याला मार कुठल्याही वयात लागतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना ग्रासणारा डिमेन्शिया, तर बहुधा ४५ ते ६५ या वयातच सुरू होतो. त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, पण तारतम्य आणि संयम सुटतो, म्हणजे गाडी चालवताना जे सगळ्यात आधी लागतं तेच. यजमान अजून नोकरीत होते तेव्हा त्यांना मार लागला. तुमचं ते छायाचित्र पाहून त्यांच्या वयाचा कुठला माणूस म्हणेल की हा लेख माझ्याबद्दल आहे?

पुढच्या पुरवणीत तपासणीची माहिती सविस्तर द्यावी, ही विनंती. आणि ते छायाचित्र पुन्हा वापरू नये.

आपली,
एक नियमित वाचक