कुंड्या आत घेतल्या

कॅलगरी, 18 सप्टेंबर

ती. आई-बाबांस, सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना माझ्यामागच्या टोमॅटोच्या काळ्या कुंड्या दिसल्या आणि ते म्हणाले, "दिवाळीत कायमची येतेयस ना, मग ही झाडं कुणाच्या भरवशावर?" तेव्हा मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं. नेटवर्क चांगलं होतं. समोर चेहरे दिसले की माझ्याच्याने बोलवत नाही, म्हणून लिहितेय. दिवाळीत येणार आहे, पण तीन आठवड्यांपुरती. इथलं काम आणखी तीन वर्षं करायचं ठरवलंय. सही करून महिना झाला.

लगेच रागावू नका. घराच्या कर्जाचे हप्ते राहिलेत, दादावर एकट्यावर किती टाकायचं? शिवाय रजा वाढवून मिळालीय, आता वर्षातून दोनदा येता येईल. मी इथे उपाशी नाही, एकटी नाही, घर ऊबदार आहे, कुकर तुझाच वापरते, आई. आता बाबा म्हणतील, "एकदा रोप लावलं की हलवायचं नसतं." नका म्हणू. मला आधीच रडू येतंय.

बाबा, "डब्यात कसली शेती" म्हणून हसलात ना? मग ऐका. इथे मार्चअखेर खिडकीत बी टाकायचं, कारण बाहेर बर्फ. मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या लाँग वीकेंडआधी कुणी रोप बाहेर लावत नाही. त्याच्याही आधी आठ-दहा दिवस ते रोज थोडा वेळ वाऱ्या-उन्हात ठेवून आत आणायचं, नाहीतर पानं भाजतात. सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा दव गोठायला लागतं. म्हणजे हातात जेमतेम 110 दिवस. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, पण शहर हजार मीटरच्या वर, त्यामुळे जुलैतही रात्री 10 अंशांपर्यंत उतरतात. रात्र 13 अंशांखाली गेली की फूल धरत नाही, गळतं. म्हणून कुंड्या काळ्या, दक्षिणेच्या भिंतीला टेकवलेल्या. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. वारा पुरेसा नसेल तेव्हा मी इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला लावून फुलं हलवते. हसा!

पहिल्या वर्षी हौसेने ब्रँडीवाइन लावला. अमेरिकेतलं जुनं वाण, गुलाबी, तळहाताएवढं फळ, पण पिकायला 80-90 दिवस. दोन मिळाले. यंदा स्टुपिस लावला. चेक देशातलं जुनं वाण, फळ लहान, पाटीवर लिहिलेले 55-60 दिवस माझ्याकडे 70 झाले, पण 20 लिटरच्या कुंडीत भरभरून लागला. सुतळीने बांधला, तुमच्यासारखी सैल गाठ मारून. मधे पाण्याची हयगय झाली तर फळांची बुडं काळी पडली. तुमचं वाक्य आठवलं, "टोमॅटोला पाणी वेळेवर, पोराला जेवण वेळेवर."

आई, ही वाणं आपल्या गावठीसारखीच. हायब्रीडचं नाही, पण याचं बी धरता येतं. तू राखेत घोळून कागदावर वाळवायचीस, मी गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून धुते. आणि हो, कुरडयांच्या डब्यात बियांची पुडी लपवायची नाही! विमानतळावर बी-बियाणं जाहीर करावं लागतं.

ऑगस्टमध्ये एकदा गारा आल्या. आभाळ हिरवट झालं तसं मला ते वर्ष आठवलं. बाबा, तुम्ही दारात उभे होतात, आणि आईने माझे कान झाकले होते. मी पळत जाऊन पाचही कुंड्या आत घेतल्या. दोन मिनिटांत झालं. मग त्या कुंड्यांशेजारी फरशीवर बसून राहिले. तुम्हाला शेत आत घेता आलं नव्हतं. हे लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

आता माझं ऐका. अँजिओप्लास्टीनंतर 16 लिटरचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, म्हणजे नाही. फवारणीला माणूस लावा, पैसे मी पाठवते. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला उसाकडेने जायचं नाही, बिबट्याचं कारण पुरेसं आहे. नारायणगावला क्रेट घेऊन दादा जाईल, भाव पडलेला असला तर तिथे उभं राहून भांडू नका. गोळ्यांची डबी मी आठ खणांची आणतेय. आई, गुडघे दुखताना ओट्यावर चढून डबे काढायचे नाहीत. लागणारे डबे खाली घे. आज. मी विचारीन.

काल रात्री पारा शून्याच्या खाली जाणार म्हटल्यावर सगळी झाडं आत आणली. कच्चे टोमॅटो तोडून वर्तमानपत्रात गुंडाळले, मधे एक केळं ठेवलं म्हणजे पिकतात. तरी तीन किलो हिरवेच उरलेत. तुझ्या चटणीत तीळ आधी भाजायचे की शेंगदाण्यांबरोबर? रविवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करते. रागावला असाल तर बाबा, तुम्ही बोलू नका, नुसते शेजारी बसा.

तुमची,
चिमी