सही तेवढी तुमची हवी

आई, बाबा,

फोनवर बोलले असते तर बाबांनी "बघू गं नंतर" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. बाबा सुतारकाम करतात त्या मागच्या शेडचा विमा काढायचं मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. फॉर्म भरून झालाय, हप्त्याचे पैसे बाजूला काढलेत, गुरुवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर शेड बघायला येतोय. शेड बाबांची म्हणून पॉलिसीही बाबांच्याच नावावर, सही तेवढी राहिलीये.

आता रागवायच्या आधी ऐका. शेडमधल्या विजेच्या बोर्डातून ठिणगी उडाली आणि वरची भिंत काळी झाली हे मला कळलं कधी, तर महिन्याने, तेही आई भलतंच काहीतरी सांगत असताना तिच्या तोंडून निसटलं म्हणून. बाबा, तुम्ही त्यावर कॅलेंडर लावलंत ना? मला माहितीये तुम्ही लावलंत. त्या रात्री मी झोपले नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा माझाच जास्त राग आला, कारण मागच्या वेळी आले होते तेव्हा त्या एका एक्स्टेंशनवर करवत, ग्राइंडर आणि रेडिओ असं सगळं लटकलेलं मी बघितलं होतं आणि काही न बोलता निघून गेले होते.

तुम्ही म्हणाल घराचा विमा आहे की. आहे, मी दोनदा वाचून काढलाय. त्यात "राहती इमारत" आहे आणि "घरातील वस्तू" आहेत. शेड घराला चिकटून नाही, ती नंतर बांधली आणि पॉलिसीत कुणी कधी लिहिलीच नाही, म्हणजे उद्या काही झालं तर तुमची लेथ त्यांच्या हिशोबी ना घरातली ना घाटावरची. म्हणून शेड वेगळी लिहिलीये आणि आतलं सामान वेगळं लिहिलंय.

आणखी एक केलंय, ते आवडणार नाही. तुम्ही लोकांना स्टुलं करून देता आणि ते पैसे देतात, हे मी फॉर्ममध्ये लिहिलंय. तुम्ही त्याला छंद म्हणता पण विमावाले त्याला धंदा म्हणतात. हप्ता थोडा वाढला, वाढू दे. लपवलं असतं तर क्लेमच्या वेळी नेमकं तेच काढून हात वर केले असते. तेव्हा सर्व्हेअरला "अधूनमधून, सहज" असलं काही सांगू नका, जे आहे ते सांगा.

दादाला म्हणालात म्हणे, अर्ध्या किमतीचाच काढा, सगळं थोडंच जळणार आहे. बाबा, ते तसं चालत नाही हो. समजा सामान 100 चं आहे आणि आपण 50 चाच विमा काढला, आणि नुकसान झालं 40 चं, तर ते 40 देत नाहीत, 20 देतात. अर्धाच विमा, म्हणून नुकसानही अर्धंच भरून मिळतं. शिवाय किंमत धरायची ती आज नवीन घ्यायला काय पडेल ती, नाहीतर घसारा, म्हणजे जुनं झाल्याची वजावट, कापून त्या लेथचे जे पैसे हातात येतील त्यात तिचा पट्टासुद्धा येणार नाही. नव्या किमतीचं कलम मी मागून घेतलंय.

आजोबांच्या रंध्याचं काय करायचं यावर मात्र बराच वेळ अडून बसले. कितीही मोठी पॉलिसी घेतली तरी मिळणार एका रंध्याचीच किंमत. त्या मुठीवर अंगठ्याच्या जागी जो खळगा पडलाय त्यात आधी त्यांचा अंगठा बसायचा, मग तुमचा. लाकडावर रेघ आखायला तुम्ही सूत मारताना दुसरं टोक धरून मी बसायचे, "हलू नकोस गं" म्हणायचात आणि मी श्वाससुद्धा रोखून धरायचे, तेव्हा समोर तोच रंधा दिसायचा. एवढंच करा, रात्री तो घरात आणत जा.

बाकी काही बदलणार नाहीये, खरंच. तुमची बैठक, रेडिओ, दुपारची आरामखुर्ची, सगळं जिथल्या तिथे. हात थकले म्हणून हे चाललंय असं मनातही आणू नका, उलट तुम्ही आणखी खूप वर्षं तिथे खुडबुड करावी म्हणूनच हा सगळा खटाटोप.

आता ऐका, आणि आई तू लक्ष ठेव.

वायरिंग बदलायचं. बुधवारी माणूस येतोय, करवतीला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आपल्या पॉलिसीत मोटर नुसती जळली तर तिचे पैसे नाहीत, तिच्यामुळे आग लागली तर आगीच्या नुकसानीचे आहेत. मला दोन्ही नकोयत.

बिलांचा पत्र्याचा डबा शेडमधून घरात आणा. शेड गेली तर पुरावाही तिच्यासोबत जाणार, हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही! आई, प्रत्येक मशीनचा फोटो काढ, नंबरची पट्टी दिसेल असा, आणि मला पाठव. पटाश्या वगैरे एकत्र मांडून एकच काढलास तरी चालेल.

किल्ली उलट्या कुंडीखाली ठेवणं बंद. अख्ख्या गल्लीला माहितीये. कुलूप तोडल्याची खूण नसेल तर चोरीचा क्लेम उभाच राहत नाही.

आणि त्या चिंध्या. बाबा, अळशीचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून तुम्ही भुश्यावर टाकता. ते तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काडी न लावता चिंधी पेटते. एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. आग विझवायचा सिलेंडर पाठवतेय, तो दाराजवळ लावा, आतल्या कोपऱ्यात नको, आणि काटा हिरव्यावर आहे ना हे बघत जा.

तुमच्या बोटांचा विमा यात नाहीये बरं का. करवतीचा गार्ड काढून ठेवलाय तो परत लावा. मला सगळं कळतं.

आई, सर्व्हेअर यायच्या आधी शेड झाडूनपुसून लख्ख करायला जाऊ नकोस, बाबांना मग आठ दिवस काही सापडत नाही आणि ते तुझ्यावर वैतागतात. फक्त ते कॅलेंडर काढ, भिंत त्याला दिसू दे.

चिंध्या मात्र गुरुवारची वाट बघत ठेवू नका, आजच उचला.

तुमची,
ठकू