बिशप अझरय्या मिरवण्यासाठी नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले पहिले भारतीय बिशप अझरय्या यांच्यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. स्मृतिदिनाच्या निमित्ताने एका मराठी दैनिकाने त्यांची आठवण काढली, याबद्दल आधी आभार मानतो. पण लेखकाने त्यांना ‘इंग्रजांनी मिरवायला नेमलेला बिशप’ म्हटले आहे. तो शब्द मनाला लागला.

मिरवायला नेमायचा माणूस असे बोलतो का? १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत ठिकठिकाणचे मिशनरी समोर बसलेले असताना ३५ वर्षांच्या या तमिळ माणसाने त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही गरिबांसाठी आपले धन दिलेत, देह दिलेत, पण आम्हाला प्रेम हवे आहे, मित्र द्या. पुष्कळांना ते झोंबले. २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. तेव्हापासून १ जानेवारी १९४५ ला ते वारले तोपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, अँग्लिकन चर्चने दुसऱ्या एकाही भारतीयाच्या हाती स्वतंत्र धर्मप्रांत दिला नाही. इंग्रजांना धारेवर धरायचे होते तर यावरून धरायचे. त्या एकट्या माणसाला कशाला बोल लावायचा?

मी रेल्वेत गार्ड होतो. १९८४ साली विजयवाड्याहून घरी परतताना पुढची लाइन बंद पडली आणि आमची गाडी डोर्नकलला, अझरय्यांच्या धर्मप्रांताच्या गावी, चार तास अडकली. म्हणून त्यांचे कॅथीड्रल बघायला गेलो. घुमट आणि मिनार पाहून लांबून मला ती मशीदच वाटली. आत गेलो तर देवळाच्या सभामंडपात असावेत तसे खांब. ही वास्तू पुरी व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली, १९३९ मध्ये तिचे समर्पण झाले. इंग्लंडातल्या चर्चची नक्कल अझरय्यांना नको होती, हे तिथे उभे राहिले की कोणालाही कळते.

पायऱ्या झाडणारी एक म्हातारी भेटली. आम्हा बल्लारपूरवाल्यांना मोडकीतोडकी तेलुगू येते, तेवढ्यावर बोलणे झाले. तिची आजी मादिगा, गावकुसाबाहेरची. बिशप बैलगाडीने त्यांच्या वस्तीवर येत, असे ती आजी सांगायची. मग म्हातारीने झाडू काखेत धरला, उजवा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणून दाखवले, ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे. मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार!’ बाप्तिस्मा घेणाऱ्यांना अझरय्या हेच म्हणायला लावत. ज्यांना गावात कोणी तोंड उघडू देत नव्हते, त्यांच्या तोंडी त्यांनी हे शब्द दिले. चाळीस वर्षे झाली, तो डोक्यावरचा हात मी विसरलेलो नाही.

दारू, कर्ज, रोगराई आणि घाण यांच्याविरुद्ध त्यांनी खेडोपाडी जे काम केले, त्याला लेखात एक ओळही नाही. १९३२ च्या जातीय निवाड्यातले ख्रिस्ती लोकांसाठीचे वेगळे मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते, हेही नाही. धर्मांतरावरून गांधीजींशी त्यांचे मतभेद होते, ते जरूर लिहा. पण मग दोन्ही गोष्टी लिहा.

आता दुसरे. लेखात चार वेळा ‘फादर अझरय्या’ छापले आहे. ते प्रपंच केलेले गृहस्थ होते, पत्नी अन्बू त्यांच्या कामात बरोबरीने होत्या. फादर म्हणतात ते कॅथलिकांच्या अविवाहित धर्मगुरूंना. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांना कोणी फादर म्हणत नाही, रेव्हरंड किंवा पाळकसाहेब म्हणतात. नाताळात आमच्या पाळकांबद्दल बातमी आली की दरवर्षी हीच चूक असते. दोन वर्षांपूर्वी मी कार्यालयात फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, ‘काका, सगळे एकच.’ एकच नाही हो. प्रत्येक पंथाच्या महाराजांचे नाव तुम्ही तपासून छापता, मग आमच्या वेळी एवढी काळजी का घेत नाही?

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती. कॅथीड्रलचा फोटो सोबत जोडतो आहे. दोन वर्षांनी मुद्दाम परत गेलो होतो, तेव्हा काढलेला आहे. एक कोपरा दुमडला आहे, पण मिनार स्पष्ट दिसतात. काम झाल्यावर फोटो परत पाठवावा, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

आपला,
एक जुना वाचक, बल्लारपूर