पॅराक्वाट: पहिले चार तास आणि कोळशाचे कार्ट्रिज

महोदय,

तणनाशक पोटात गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक 'लगेच डायलिसिस करा' म्हणतात. पॅराक्वाट असेल तर नुसते डायलिसिस पुरत नाही. हवे असते हिमोपरफ्युजन. यंत्र तेच, फक्त फिल्टरच्या जागी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज. रक्त त्यातून फिरते, विष कोळशाला चिकटते.

पण घड्याळ थांबत नाही. पॅराक्वाट पाच-सात तासांत फुप्फुसात पुरेपूर साठते. नंतर रक्त कितीही गाळले तरी तिथले विष निघत नाही. म्हणून पहिल्या चार तासांत कार्ट्रिज लागलेच पाहिजे. तरीही विष जास्त गेले असेल तर खात्री देता येत नाही. पहिल्या दिवशी रुग्ण बोलतो, चालतो, फक्त तोंड भाजल्याची तक्रार करतो. त्यावर विसंबून घरी नेऊ नका.

रेफर करताना प्रौढ रुग्ण शुद्धीवर असेल तर 50 ग्रॅम सक्रिय कोळसा पाण्यात कालवून द्यावा. उलटी करवू नये. अन्ननलिका भाजलेली असते, त्यामुळे पोट धुण्यातही धोका आहे. आणि सवयीने ऑक्सिजन लावू नये! याच ऑक्सिजनच्या मदतीने हे विष फुप्फुस जाळते. रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण 90 टक्क्यांच्या खाली गेली, तरच लावावा.

निदानाला मोठी प्रयोगशाळा नको. परीक्षानळीत 10 मिली लघवी, थोडा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर सोडियम डायथायोनाइट. निळा रंग आला की पॅराक्वाट. मात्र ही पूड दमट हवेत निकामी होते. पावसाळ्यात उघड्या बरणीत गठ्ठे झालेली पूड वापरली, तर विष असूनही रंग येत नाही. बरणी घट्ट बंद हवी, उघडल्याची तारीख वर लिहिलेली हवी.

नातेवाइकांनी रिकामी बाटली सोबत आणावीच. 2,4-डी हे दुसरे तणनाशक असेल तर सलाईनमधून सोडाबायकार्ब देऊन लघवी अल्कधर्मी करतात, आणि तिथे साधे डायलिसिसही कामी येते. तणनाशक कोणते हे कळले नाही, तर मौल्यवान तास अंदाजात जातात.

केरळने 2011 मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली. आपल्याकडे निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर कपाशीच्या पट्ट्यात जिथे डायलिसिस यंत्र आहे, त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कोळशाची किमान दोन कार्ट्रिज आणि डायथायोनाइटची बरणी कायम असावी. दोन अशासाठी, की कोळसा काही तासांत भरतो आणि पेशींतले विष पुन्हा रक्तात उतरते. प्रत्येक फेरीनंतर प्लेटलेट व कॅल्शियम तपासावे, दोन्ही घसरतात. मुदत संपत आलेली कार्ट्रिज वेळेत बदलण्याची जबाबदारी एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे द्यावी.

— डायलिसिस विभागातील कर्मचारी, यवतमाळ जिल्हा